चार मिलिमीटरची पाठ

हार्मावारा, १७ फेब्रुवारी

सिर्पा,

घर मी बांधलं. वाफेनं अंघोळ करायची सौना मी बांधली. ओंडके माझे, सांधे माझे, धूर कुठून काढायचा ते शिकवायला कुणी आलं नव्हतं. दोन होड्या केल्या. बर्फावरची एक घसरगाडी केली, ती काका, म्हणजे तुझे वडील, मरेपर्यंत वापरत होते आणि आता तू वापरतेस. भट्टीचा भाता जुन्या दूधयंत्राच्या पंख्यापासून केला. आईची शवपेटी केली, तिच्यात एकही खिळा नाही. आणि सुऱ्या. प्रत्येकीच्या पात्यावर, मुठीला अगदी लागून, बदकाचं पाऊल ठोकलेलं आहे. तो ठसाही मीच कोरला. यातलं काहीही मी कुठल्या शाळेत शिकलो नाही.

हे तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण हिवाळी बाजारात तू ते विसरलीस.

माझ्या टेबलासमोर एक जर्मन नवरा-बायको उभे होते. माझी सुरी त्याच्या हातात. किंमत तीनशे चाळीस युरो. त्यानं पाकीट काढलं होतं, सिर्पा, काढलं होतं! तेवढ्यात तू आलीस. कमरेला तुझी ती लाल प्लॅस्टिकच्या मुठीची, शेतकी दुकानातली सुरी. आणि तुला एरवी इंग्रजी येत नाही, पण त्या दिवशी नेमकं आलं. "कापतात दोन्ही सारख्याच. ही अकरा युरो." वर कंबर वळवून दाखवलीस. त्यानं पाकीट खिशात घातलं, बायकोनं तुझा फोटो काढला, आणि दोघं सुकं मांस घ्यायला गेले. बहुधा तुझ्याच टेबलावर.

तर ऐक. तुझी लाली कारखान्यात पत्र्यातून छापून काढलेली आहे, बिस्किटं छापतात तशी. माझं पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून ठोकून काढलेलं. पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची कड, चार मिलिमीटर जाड. त्या पाठीवर दांडकं हाणून सरपण फोड, पातं हूं की चूं करणार नाही. मूठ वाकड्या रेषांच्या बर्चच्या लाकडाची, तीन वर्षं माळ्यावर वाळवलेली.

यासोबत एक पाठवतो आहे. वर्षभर वापर, मग बोल. आणि जे काही बोलशील ते पुढच्या बाजारात, तितक्याच मोठ्यानं.

सुरीच्या बदल्यात नाणं पाठवायला विसरू नकोस. फुकट दिलेली सुरी नातं कापते, आणि आपलं आधीच एका दोऱ्यावर आहे.

आउलिस


लातवायर्वी, ९ मार्च

लोहारबुवा,

इथे फोनला रेंज नाही हे किती बरं आहे! फोनवर तू हे सगळं ओरडून सांगितलं असतंस. कागदावर निदान तुझं अक्षर सुरेख दिसतं.

नाणं सोबत आहे. एक युरो. म्हणजे माझ्या सुरीचा अकरावा हिस्सा. तुझ्या सुरीचा कितवा ते तू काढ, हिशेबात तू पक्का.

सुरी देखणी आहे. खोटं कशाला बोलू? मूठ हातात घेतली तेव्हा वाटलं, कुणीतरी हात धरला. भिंतीवर टांगली आहे, खिडकीशेजारी. शेजारच्या कळपाचा ओइवा कॉफीला आला तर तिच्याकडेच बघत बसला. म्हणाला, "सिर्पा, चर्चमध्ये ठेव ही."

आता चिडशील. चिड. पण आधी ऐक. गेल्या हिवाळ्यात माझ्या तीन सुऱ्या हरवल्या. एक बर्फगाडीवरून पडली, एक दलदलीत गेली, आणि एक मी बिथरलेल्या रेनडिअर नराच्या दोराशी झटत असताना फेकूनच दिली, कारण मला दोन्ही हात हवे होते. लाली फेकताना मी विचार केला नाही. तुझी असती तर केला असता. अर्धा क्षण केला असता, आणि त्या अर्ध्या क्षणात त्यानं मला दोरासकट तळ्यापर्यंत नेलं असतं. जी हरवायची भीती वाटते ती सुरी कामाची नाही, आउलिस. ती भिंतीची.

बाजारात बोलले ते चुकलं असेल. जर्मन माणसासमोर बोलायला नको होतं. पण बोलले ते खोटं नव्हतं.

मांस पाठवते आहे. ते मात्र फुकट.

सिर्पा


हार्मावारा, ३० मार्च

सिर्पा,

भिंतीवर! मी कॅलेंडर पाठवलं होतं का?

पण आज भांडत नाही, कारण सांगण्यासारखं घडलं आहे. हेलसिंकीहून लोक आले होते. बाहेर भटकणाऱ्यांची हत्यारं, तंबू, शेगड्या असं सगळं विकणारी कंपनी आहे. तिघं आले, तिघांचे बूट दुकानातून थेट माझ्या अंगणात. म्होरक्या सांतेरी नावाचा, वय तिशीचं, बोलणं लोण्यासारखं. त्यांना बदकाचं पाऊल हवं आहे. सुरी नाही, चिन्ह. चिन्ह आणि माझ्या जाड पाठीच्या सुरीचा आकार. पाती त्यांच्या कारखान्यात निघतील, मी फक्त वर्षातून दोनदा जाऊन फोटोसाठी हातोडा धरायचा. किंमत तीच, तीनशे चाळीस. नमुनाही घेऊन आले होते.

नमुना कसा होता ते सांगतो. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सरळ नेलेलं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या, आणि कडेनं पोलाद उघडं. माझ्या मुठीत पात्याची शेपटी लाकडाच्या पोटात असते, बाहेर धातू दिसत नाही. का, ते तुला सांगायला नको. मी सांतेरीला म्हणालो, "ही हिवाळ्यात हात खाईल."

तो म्हणाला, "आमचं गिऱ्हाईक हातमोजे घालतं."

"गाठ सोडताना? मासा साफ करताना?"

"आउलिस, खरं सांगू? निम्म्या सुऱ्या खोक्यातून बाहेरच येत नाहीत. आणि खोक्यातल्या सुरीला थंडी वाजत नाही."

त्याचे सोबती हसले. मी हसलो नाही. म्हणालो, "चल अंगणात." बाहेर उणे अठ्ठावीस होतं आणि नमुना सकाळपासून त्यांच्या गाडीत होता. "काढ हातमोजा. मी कॉफी संपवतो, तोवर धर." पोरगा हट्टी निघाला, ते मला आवडलं. धरली. माझा कप अर्धाही झाला नसेल, घामेजलेला तळवा पोलादाला चिकटला. शेवटी उरलेली कोमट कॉफी ओतून सोडवला. चांगली कॉफी होती.

तरीही त्यानं आकडा सांगितला, आणि मी नाही म्हणालो नाही. विचार करतो म्हणालो. गेल्या वर्षी बाजारात माझ्या किती सुऱ्या विकल्या गेल्या ते तू पाहिलंस. भट्टी पेटवायचा कोळसासुद्धा आता परवडेल का याचा विचार करून आणतो. ही दुरुस्ती करतील, शेपटी लाकडात घेतील, तर काय बिघडलं?

तुझं मत विचारत नाही. सांगून ठेवतो.

आउलिस


लातवायर्वी, २१ एप्रिल

आउलिस,

मत विचारत नाहीस, म्हणून देते: घे पैसे.

तुझा खांदा गेला आहे. बाजारात टेबल उचलताना पाहिलं, आणि पाहिलं की तू पाहू देत नव्हतास. शहरातल्या माणसाला भिंतीवर टांगायला सुरी हवी आहे. माझ्या भिंतीवर तुझी चालते, तर त्याच्या भिंतीवर कारखान्याची का नको? तूच ठोकलीस की यंत्रानं, भिंतीला काय कळतं!

बर्फ मऊ झालं आहे. माद्या विणीच्या कुरणाकडे निघाल्या. पांढरी माझी सगळ्यांच्या पुढे, पोट जमिनीला टेकलेलं. हिच्या पिल्लासाठी मी तीन वर्षं थांबले आहे. दोनदा गरुडानं नेलं. या वेळी मादी झाली तर माझ्या कळपाला पुढे चालणारी मिळेल, आणि मग मी तुझ्यासारखी मिजास करेन, बघच.

सिर्पा


हार्मावारा, ६ मे

सिर्पा,

खांदा माझा आहे, त्याची चौकशी नको.

भिंतीला कळत नाही हे खरं. मला कळतं. पण तू म्हणतेस त्याला उत्तर शब्दांनी द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

जुलैत मालकीच्या खुणेसाठी पिल्लांचे कान कापायचे असतात. त्याहून बारीक काम तुमच्याकडे दुसरं नाही. ती सुरी भिंतीवरून काढ आणि या वर्षी सगळे कान तिनं काप. हरवायची भीती नाही, कुंपणातलं काम आहे. लाली घरी ठेव. सांतेरीला कळवलं आहे: जुलै संपेपर्यंत थांब. माझी सुरी लालीपेक्षा चांगली निघाली, तर मी त्याला दार दाखवीन आणि मरेपर्यंत एकेक ठोकत बसेन. नाही निघाली, तर सही करीन. मग बदक त्यांचं.

आता खोटं लिहू नकोस. माझ्या बाजूनंही नको.

आउलिस


लातवायर्वी, १२ जुलै

आउलिस,

खोटं लिहू नकोस म्हणालास. नाही लिहीत.

तुझी सुरी काढली. लाली घरी ठेवली. पहिली काही पिल्लं बरी गेली, पण हात अवघडत होता. लालीनं कान कापताना सायीतून बोट फिरवल्यासारखं वाटतं. तुझी आत शिरते, मग रेटावी लागते. मला वाटलं, सवय नाही.

माझी खूण तुला ठाऊक आहे. डावा कान शेंड्याला तिरपा, उजव्याला खालच्या कडेनं दोन खाचा, एकमेकींना लागून. ओइवाची खूण: डावा तसाच तिरपा, उजव्याला एकच रुंद खाच. आमच्या आज्यांनी खुणा इतक्या सारख्या का ठरवल्या, देव जाणे. दोन खाचांच्या मध्ये नखाएवढी पट्टी राहते. ती पट्टी म्हणजे मी. ती गेली की ओइवा.

पांढरीचं पिल्लू धरलं. मादी आहे. आईपेक्षा पांढरी. पहिली खाच ठीक. दुसरी घातली तेव्हा पातं पाचरीसारखं रुतलं, कूर्चा बाजूला ढकलली गेली आणि मधली पट्टी फाटून माझ्या बोटाला चिकटून आली. सुरीची धार उत्तम होती. धारेचा दोष नव्हता. धारेच्या मागून जे येत होतं त्याचा होता.

ओइवा कुंपणावर बसला होता. आधी हसला. "आलं बघ माझ्या घरी!" मग माझं तोंड पाहून खाली उतरला. "सिर्पा, अगं ठेव. मी पाहिलं ना, कुणाचं ते. लिहून देतो."

मी म्हणाले, "कान कुणाचा आहे?"

"कान माझा दिसतो. पण—"

"मग पिल्लू तुझं. उद्या कळपात कुणी तुझा कागद वाचणार आहे का? कान वाचणार."

"वेडी आहेस तू."

"आहे. घेऊन जा, पण मी बघत असताना नको."

नेलं त्यानं. पांढरी दिवसभर कुंपणाभोवती फिरत राहिली, कारण तिचं पिल्लू ओइवाच्या बाजूला बांधलं होतं. आता तीही तिकडेच चरते.

सुरी परत पाठवते आहे. आउलिस, तिच्यावर चिन्ह तुझं आहे, पण ती त्या बुटवाल्यांसाठी केलेली आहे. सरपण फोडायला! सरपण फोडायला माझ्याकडे कुऱ्हाड आहे. तेव्हा सही कर. तू विकलंसच आहेस, पैसे तेवढे घ्यायचे राहिले.

सिर्पा


हार्मावारा, १९ जुलै

सिर्पा,

तुझा हात चुकला. डास असतील, घाई असेल. अनोळखी सुरी पहिल्याच दिवशी सगळ्यात मोलाच्या जनावरावर चालवली, हाही शहाणपणा नव्हे. पाचर म्हणे! या सुऱ्या मी नॉर्वेपासून म्युनिकपर्यंत पाठवल्या आहेत, आजवर एक तक्रार नाही.

पिल्लाचं वाईट वाटलं.

आउलिस


लातवायर्वी, २ ऑगस्ट

आउलिस,

म्युनिकमध्ये रेनडिअर किती आहेत?

सोबतच्या डब्यात दोन कान आहेत, मिठात घातलेले. रस्त्यावर लाकडाच्या ट्रकखाली आलेल्या पिल्लाचे, तुझ्यासाठी मारलं नाही. टपालवाल्याला सांगितलं मासे आहेत. लालीही ठेवली आहे. दार लाव आणि स्वतः काप. डास नाहीत, घाई नाही, सुरी ओळखीची.

मग मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

सिर्पा


हार्मावारा, ८ सप्टेंबर

सिर्पा,

दार लावलं नाही. उघडं ठेवून कापलं.

आधी लालीनं. दोन खाचा, मध्ये पट्टी, पट्टी उभी. मग दुसऱ्या कानावर माझ्या सुरीनं. पट्टी गेली. शाबूत बाजूवर पुन्हा केलं, या वेळी श्वास रोखून. पुन्हा गेली. तुझा हात चुकला नव्हता, हे लिहितो आहे, आणि ते एकदाच लिहीन.

मग माझ्या जुन्या सुऱ्या काढल्या आणि मापायला बसलो. पहिली, जिनं मी लग्नाआधी मासे कापायचो: पाठ सव्वादोन मिलिमीटर. काकांसाठी केलेली: अडीच. मग उन्हाळी पाहुणे येऊ लागले. एकानं विचारलं, "हिनं लाकूड फोडता येईल का?" आणि मी पुढची तीनची केली. दुसऱ्यानं हातात तोलून म्हटलं, "वजन कमी वाटतं." मग साडेतीन, मग चार. कुणी मला जाड कर असं सांगितलं नाही. ते फक्त वजन बघून पैसे काढायचे आणि मी तेवढं ऐकत गेलो. कापून कुणी पाहिलंच नाही. जे कापतात ते लाली घेतात. इतक्या वर्षांत माझी सुरी खरोखर वापरणारं पहिलं माणूस तू, आणि तुझं पिल्लू गेलं.

सांतेरीला हवी होती ती हीच सुरी. माझ्याआधी त्याला कळलं होतं, ती कशासाठी आहे.

माफी मागत नाही. माफीनं कान शिवला जात नाही. केलं ते सांगतो.

शिल्लक होत्या त्या सगळ्या जाड सुऱ्यांवरून बदकाचं पाऊल घासून काढलं. त्या आता नाव नसलेल्या, सरपण फोडायच्या सुऱ्या म्हणून पेट्रोल पंपाच्या दुकानात साठ युरोला ठेवल्या आहेत. तेवढ्याला त्या चांगल्या आहेत. त्याहून जास्त देणारा मूर्ख, आणि घेणारा मी होतो.

मग तुझी नवी केली. तीनदा केली. पहिलीला पाणी जास्त बसलं, पोलाद फार कडक झालं, वाकवून पाहिली तर मोडली. दुसरी लाकडाला चांगली होती, कानाला नाही. तिसरी सोबत आहे. पाठ दोन मिलिमीटर, टोकाकडे एक. पातं तुझ्या मधल्या बोटाएवढं. मूठ बर्चच्या सालीच्या चकत्यांची, घट्ट दाबलेली, ओली झाली तरी निसटत नाही आणि बर्फात हाताला बोचत नाही. धातू कुठेही उघडा नाही. तू पाठवलेल्या कानावर शेवटच्या कोपऱ्यात तिनं दोन खाचा घातल्या. मधली पट्टी नखाहून अरुंद राहिली आणि टिकली. कान परत पाठवतो आहे, मोजून बघ.

किंमत तीनशे चाळीस युरो. एक युरो कमी नाही. हे तुझं बक्षीस नाही आणि माझा दंडही नाही, त्यामुळे नाण्याची गरज नाही. दर वर्षी मांसाच्या रूपानं फेड, पाच हिवाळ्यांत. हरवलीस तर दुसरी करून देईन, तेवढ्याच किमतीला. नराच्या दोराशी झटताना फेकायची असेल तर लाली फेक. लाली वाईट नाही, हे मी पुढच्या बाजारात मोठ्यानं सांगेन. ती अकरा युरोची आहे, कारण बनवणाऱ्याला कुणाच्या कानावर काय खूण आहे हे माहीत असण्याची गरज नसते. मला तुझ्या दोन खाचांमधलं अंतर माहीत आहे. उरलेले पैसे त्याचे. ज्याला ते नको त्यानं लाली घ्यावी, मी जर्मन माणसाला स्वतः दुकानाचा पत्ता देईन.

सांतेरी परवा आला होता. एकटाच, जुने बूट घालून. माणूस शिकतो आहे. मी त्याच्यासमोर नवी सुरी ठेवली.

तो म्हणाला, "छान आहे. पण ही कोण घेणार? हातात आल्यासारखी वाटतच नाही."

"तेच काम आहे तिचं."

"आउलिस, आम्हाला जाड हवी. तुमचीच जाड."

"ती माझी नाही. पेट्रोल पंपावर मिळते, साठ युरो. हव्या तेवढ्या घे."

"आणि चिन्ह?"

"चिन्ह या सुरीवर आहे. आणि ही मी एकेकच करणार, कापणाऱ्याचा हात आणि काम पाहून."

त्यानं सुरी टेबलावर परत ठेवली. मग म्हणाला, "मी वर बोलून आकडा वाढवतो." मी म्हणालो, कॉफी हवी तेवढी वाढव, आकडा नको. तरी त्यानं तिथेच बसून आकडा वाढवला.

यापुढे भट्टी किती दिवस पेटेल माहीत नाही. खांदा तुला दिसला तसाच आहे. आत्तापर्यंत नव्या सुरीच्या दोनच मागण्या आहेत, त्यातली एक ओइवाची. त्याला सांग, तुझ्या खाचेला रुंद पातं लागेल, मापाला ये, आणि येताना ते पिल्लू कसं आहे ते मला सांग.

एक शेवटचं. दुकानात ऐकलं, तुमच्या बाजूला लोक म्हणतात की आउलिसनं वीस हजार नाकारले. कुणी तीस म्हणतं. ओइवाच्या तोंडी तर पंधरा आहे. कळप वेगळे करायला सगळे जमतील तेव्हा ही चूक सगळ्यांसमोर दुरुस्त कर. बदकाच्या पावलासाठी, जाड सुरीच्या आकारासाठी आणि वर्षातून दोनदा हातोडा धरून उभं राहण्यासाठी सांतेरीच्या कंपनीनं मला आधी साठ हजार युरो देऊ केले होते. माझ्या टेबलाशी बसून ते वाढवून त्यानं नव्वद हजार केले. मी नाकारले ते नव्वद.

आउलिस